शब्दाचे नुसते गाव नको, वाटही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मराठीतल्या तुर्की शब्दांची यादी वाचली. विषय आमच्या जिव्हाळ्याचा, त्यामुळे त्याला अर्धे पान मिळाल्याचा आनंद झाला. पण त्या यादीत कैची, तोफ, एलची यांच्या पंक्तीला नाखवा, सुकाणू, खलाशी आणि रुमाल हेही तुर्की म्हणून बसवले आहेत. तेवढेच असते तर दोन ओळींची दुरुस्ती पुरली असती. आमची खरी तक्रार निराळी आहे. प्रत्येक शब्दापुढे फक्त त्याचे गाव लिहिले आहे. निघताना त्याचा अर्थ काय होता, कोणत्या भाषेतून तो आला आणि पोचेपर्यंत त्याचा अर्थ का पालटला, याविषयी एक अक्षर नाही. कोकणातल्या वाचकाला तर हे सांगणे सोपे आहे, कारण निम्मी उदाहरणे त्याच्या छपरात, वाडीत आणि बंदरावर आहेत. म्हणून हे लांबलेले पत्र.

कैचीच घेऊ. हा शब्द मध्य आशियातल्या तुर्की-मंगोल बोलींचा, आपल्याकडे फारसीच्या हाताने आला. अझरबैजानमध्ये कात्रीला आजही ‘गायची’ म्हणतात. इस्तंबूलमध्ये मात्र कात्री म्हणजे ‘मकास’, आणि तो शब्द अरबी. ‘तुर्की’ हे एका भाषेचे नाव आहे तसे एका मोठ्या कुळाचेही आहे, हे इथे कळते. मराठीत आलेले बरेचसे तुर्की शब्द त्या कुळाच्या पूर्वेकडच्या शाखेतून, म्हणजे बाबर ज्या चगताईत लिहीत असे तिच्या परिसरातून, फारसी दरबारामार्गे आले. इस्तंबूलहून थेट आलेले नव्हेत. म्हणून आजचा तुर्की शब्दकोश उघडून त्यात कैची सापडते का हे पाहणे ही चुकीची परीक्षा आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. कौलारू घराचे छप्पर ज्या तिरक्या लाकडांच्या जोडणीवर उभे राहते तिला आपले सुतार कैची म्हणतात. तुर्की सुतारही तिला ‘चाती मकासी’ म्हणजे छपराची कात्रीच म्हणतो. शब्द दोन, एक तुर्की मुळाचा आणि एक अरबी. उडी मात्र एकच. दोन पाय वर एकमेकांना भिडलेले आणि खाली फाकलेले, ही आकृती ज्याने पाहिली त्याला कात्रीच आठवली. तुर्कीत मकास एवढ्यावर थांबला नाही. रेल्वेचा रूळ जिथे फुटतो त्या सांध्याला तिथे मकास म्हणतात, आणि आपला सांधेवाला तिथे ‘मकासची’ होतो. ट्रकच्या चाकावरचे कमानीचे पाटे हेही मकास. मराठीने तेच शब्द वेगळ्या चित्रांतून घेतले: सांधा जोडण्यातून, कमान वाकण्यातून. तेव्हा दोन भाषांत रूपक सारखे दिसले म्हणजे एकीने दुसरीकडून घेतले असे होत नाही. ही चूक व्युत्पत्ती सांगणाऱ्यांच्या हातून वारंवार होते.

तोफेचे तसेच. तुर्की ‘तोप’ म्हणजे चेंडू, गोल गोळा. तिथूनच तो तोफेचा अर्थ झाला, आणि इस्तंबूलच्या प्रसिद्ध तोपकापी राजवाड्याच्या नावात ‘तोफेचा दरवाजा’ आहे. कापडाचा तागा तोप, पाचशे कागदांचे रीम तोप. त्याच मुळावरून ‘तोप्लामाक’ म्हणजे गोळा करणे आणि ‘तोप्लांती’ म्हणजे बैठक, सभा. आता मराठीकडे पाहा. आपण तोफ हा शब्द बाहेरून घेतला, पण आपल्या ‘गोळा’ने स्वतःच्या पायांनी तीच वाट चालली आहे: चेंडूसारखा गोळा, तोफेचा गोळा, वर्गणी गोळा करणे, माणसे गोळा होणे. उसना घेतलेला शब्द एक आणि घरचा शब्द दुसरा, पण दोघांची पावले एकमेकांवर पडलेली. असे शेजारी शेजारी मांडले की वाचकाला अर्थ कसा सरकतो ते दिसते. नुसते ‘तोफ: तुर्की’ लिहून ते दिसत नाही.

नात्याच्या शब्दांत हे अधिक उघड आहे. तुर्की भावंडाला ‘कार्देश’ म्हणतात. जुने रूप ‘कारिंदाश’. ‘कारिन’ म्हणजे पोट आणि ‘दाश’ हा ‘त्याच गोष्टीत भागीदार’ असे सांगणारा प्रत्यय. एकाच पोटचा तो कारिंदाश. आपला ‘सहोदर’ नेमका तोच. मित्राला ‘आर्कादाश’ म्हणतात. ‘आर्का’ म्हणजे पाठ, म्हणजे आर्कादाश हा अगदी आपला पाठीराखा. ‘योल’ म्हणजे वाट, म्हणून ‘योल्दाश’ वाटेतला सोबती. अरबी ‘वतन’ला हाच प्रत्यय लावून तुर्कीने नागरिकासाठी ‘वतन्दाश’ केला. आपल्याकडे मात्र वतन म्हणजे सरकारने दिलेली जमीन-हक्काची मिरास, म्हणून वतनदार. मूळ अरबी शब्द एकच. एका भाषेत त्यावरून नागरिक झाला आणि दुसरीत खोत-देशमुखांचा हक्क. कोकणात खोतीचे कागद वाचणाऱ्या माणसाला हा फरक सांगितला पाहिजे, नाहीतर तो तुर्की बातमीतल्या वतन्दाशात वतनदार शोधत बसेल.

अर्थ सरकण्याची ही कला पाहायला परकी चौकट आणायची गरज नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने लक्षणेच्या, म्हणजे शब्द मुख्य अर्थ सोडून दुसऱ्या अर्थावर जातो त्या क्रियेच्या, तीन अटी सांगितल्या आहेत: मुख्य अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी काही संबंध असला पाहिजे, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक असले पाहिजे. ‘गंगेवर गवळीवाडा’ हे उदाहरण शाळेत संस्कृत शिकलेल्या अनेकांना आठवत असेल. हीच फूटपट्टी तुर्की शब्दांना लावून पाहा. आमच्या अनुभवात तिच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही.

तुर्की ‘नार्गिले’ म्हणजे हुक्का. शब्दाचे मूळ फारसी ‘नारगील’, म्हणजे नारळ, आणि ते संस्कृत ‘नारिकेल’पासून. नारळ ओढता येत नाही, म्हणजे मुख्य अर्थ अडला. हुक्क्याचे पाण्याचे भांडे करवंटीचे असे, हा संबंध. पुढे भांडे काचेचे आणि पितळेचे झाले तरी नाव राहिले, ही रूढी. आकाराचे साम्य इथे कारण नाही. एक वस्तू दुसरीच्या शेजारी होती, एवढेच कारण आहे. आकारावरून झालेले अर्थबदल लोकांना लगेच सुचतात. शेजारावरून झालेले सुटतात, कारण मधली वस्तू, इथे करवंटी, नाहीशी झालेली असते. कोकणातल्या माणसाला करवंटी रोज दिसते, म्हणून त्याला हा दुवा पटकन सापडावा.

खुद्द नारळाला तुर्कीत ‘हिंदिस्तान जेविझी’ म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचा अक्रोड. यात एक खरा धोका आहे. जायफळालाही तिथे ‘क्युचुक हिंदिस्तान जेविझी’ म्हणजे हिंदुस्थानचा लहान अक्रोड म्हणतात. ‘क्युचुक’ एवढा एक शब्द गळला की पाककृतीत चिमूटभर जायफळाच्या जागी वाटीभर खोबरे पडते, किंवा उलट, आणि उलट झाले तर तो पदार्थ तोंडात धरवणार नाही. आपल्या वाडीत माडाच्या सावलीत जायफळ लावतात, दोन्ही झाडे एका कुंपणात. पण मराठीने त्यांना एका नावाखाली कधी आणले नाही, कारण आपण ती झाडावर पाहिली. तुर्कीने ती बाजारात पाहिली: परदेशातून येणारी, कठीण कवचाची, फोडून खायची वा किसायची गोष्ट, मग ती अक्रोडच. नाव देणारा माणूस वस्तूच्या कोणत्या बाजूला उभा होता, ते नावातच कळते.

चिंचेचे तुर्की नाव ‘देमिरहिंदी’. ‘देमिर’ म्हणजे लोखंड. चिंचेत लोखंड आले कुठून? अरबीत चिंच ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदी खजूर. ‘तम्र’ तुर्की कानाला अनोळखी आणि देमिर रोजचा, म्हणून लोकांनी अनोळखीच्या जागी ओळखीचा बसवला. यात अर्थाची उडी अजिबात नाही, कानाची आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. मराठीत मुलूखमैदान तोफेचे असेच झाले. नाव ‘मलिक-ए-मैदान’, रणांगणाचा स्वामी. मलिक सुटला आणि ओळखीचा मुलूख बसला. मग ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणजे गर्जणारा वक्ता ही मात्र खरी लक्षणा. एकाच शब्दात आधी कानाची चूक आणि मग अर्थाची उडी, असा दुहेरी प्रवास आहे.

आता समुद्राकडे. तुर्की बोलणारे लोक गवताळ पठारावरून आले. घोडा, मेंढी, तंबू यांचे शब्द त्यांचे स्वतःचे. समुद्राचे बरेच शब्द त्यांनी ग्रीक कोळ्यांकडून आणि व्हेनिस-जेनोवाच्या खलाशांकडून उचलले. बंदर ‘लिमान’ ग्रीक, धक्का ‘इस्केले’ इटालियन, सुकाणू ‘द्युमेन’ इटालियन. उत्तरेच्या वाऱ्याचे ग्रीक नाव बोरेआस. तुर्कीत तो ‘पोयराझ’ झाला आणि ईशान्येकडून वाहू लागला. दक्षिणेचा नोतोस ‘लोदोस’ झाला आणि नैर्ऋत्येचा वारा ठरला. लोदोस सुटला की इस्तंबूलच्या फेरीबोटी बंद ठेवाव्या लागतात. वादळाला तुर्की शब्द ‘फिर्तिना’, आणि तो इटालियन ‘फोर्तुना’ म्हणजे नशीब यापासून. जो समुद्रावर जातो त्याला नशीब आणि वादळ यांचा शेजार समजावून सांगावा लागत नाही. आपला ‘तुफान’ तुर्कीत आहे, पण ‘तुफान’ म्हणजे मुख्यतः नूहच्या कथेतला जगबुडीचा प्रलय. मराठीत मात्र तो वादळावरून घसरत ‘तुफान गर्दी’पर्यंत आला.

सुकाणूची लक्षणा दोन्ही भाषांत आहे, पण दिशा उलट. मराठीत कुणी संस्थेचे सुकाणू हाती घेतले तर तो मान आहे. तुर्की बोलीत ‘द्युमेन’ म्हणजे डाव, लबाडी, आणि ‘द्युमेन चेविर्मेक’, सुकाणू फिरवणे, म्हणजे काळेबेरे करणे. एकाच वस्तूची दोन कामे वेगवेगळ्या भाषांनी निवडली: आपण दिशा देणे घेतले, त्यांनी समोरच्याच्या नकळत वळवणे. तुर्की बातमीत ‘द्युमेन’ दिसला म्हणून नेतृत्वाची बातमी लिहिली, तर आरोपाचे अभिनंदन होईल. शीड पाण्यात उतरवणे, ‘येल्केन्लेरी सुया इंदिर्मेक’, म्हणजे हट्ट सोडून नमते घेणे. हा वाक्प्रचार कुणा जुन्या नाखव्याला सांगितला तर अर्थ विचारावा लागणार नाही.

आणि नांगर. शेतीचा नांगर संस्कृत ‘लांगल’पासून, जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’शी जोडला जातो. दोन वेगळ्या वाटा मराठीत एका रूपावर येऊन मिळाल्या. तुर्कीत ‘चापा’ म्हणजे कुदळ आणि ‘चापा’ म्हणजे जहाजाचा नांगरही, पण तिथे शब्द एकच आहे, इटालियन कुदळीचा, आणि आकारावरून तो जहाजावर चढला. वरून पाहता मराठीतले आणि तुर्कीतले चित्र अगदी सारखे: जमीन उकरणारे आणि जहाज धरून ठेवणारे अवजार, दोघांना एकच नाव. आतून मात्र एकीकडे दोन शब्दांचा संगम, दुसरीकडे एका शब्दाची फांदी. ज्याला व्युत्पत्ती शिकवायची असेल त्याने हे दोन नांगर समोर ठेवावेत. एरवी नांगर टाकणे याला तुर्कीत ‘देमिर आत्माक’ म्हणतात, लोखंड टाकणे, आणि पाहुणा मुक्काम ठोकून बसला तरी तेच म्हणतात.

मोसमाची कथा छोटी आणि चोख आहे. अरबी ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ. तो थेट तुर्कीत गेला तिथे ‘मेव्सिम’ म्हणजे कोणताही ऋतू. तोच शब्द पोर्तुगीज खलाशांनी उचलला, तिथून फ्रेंचांकडे गेला आणि ‘मुसोन’ होऊन तुर्कीत परत आला, तेव्हा त्याचा अर्थ फक्त हिंदी महासागरातला पावसाळी वारा. एकाच भाषेत एकच शब्द दोनदा, वेगवेगळ्या दारांनी. १५५४ साली उस्मानी नौदलाचा अधिकारी सैदी अली रईस वादळात सापडून गुजरातच्या किनाऱ्याला लागला. त्याने त्या वादळाचे नाव ‘हत्ती’ असे नोंदले आहे. पोर्तुगीजही पावसाळ्याच्या वादळांना ‘एलेफांता’ म्हणत. व्युत्पत्तिकार हे नाव आपल्या हस्त नक्षत्राशी जोडतात. हस्त म्हणजे हात. सोंडेचा हात असलेला तो हस्तिन्, हत्ती. भोंडल्याच्या पाटावर मुली हत्ती काढतात तो याच हस्ताचा. एका तुर्की दर्यावर्द्याच्या वहीत आपल्या भोंडल्याचा हत्ती उमटला, याचे आम्हाला फार अप्रूप आहे.

शब्द तुर्की मुळाचा की तुर्कीने उसना घेतलेला, हे ओळखायला काही सोप्या चाचण्या आहेत. पहिली सुरुवातीच्या अक्षराची. अस्सल तुर्की शब्द फ, ल, म, न, र, श, व, झ, ज यांनी सहसा सुरू होत नाहीत. म्हणून लिमान, लोदोस, नार्गिले, मकास, रईस हे पाहताक्षणी पाहुणे ठरतात. आपल्या यादीतला नाखवा आणि रुमाल याच चाळणीत अडकले असते. दुसरी स्वरांची. तुर्की शब्दात एका गटाचेच स्वर राहतात, पुढचे तरी किंवा मागचे तरी. ‘किताप’मध्ये पुढचा इ आणि मागचा आ एकत्र आले, म्हणजे तो बाहेरचा. मात्र या चाचणीवर एकटीवर विसंबू नये. वर सांगितलेला कार्देश अस्सल तुर्की असूनही नियम मोडतो, कारण कारिंदाश झिजून तो झाला. तिसरी चाचणी सर्वांत भरवशाची: शब्दाचे सगेसोयरे त्याच भाषेत आहेत का? ‘कावुर्मा’ला ‘कावुर्माक’, परतणे, हे क्रियापद आहे. फारसीतून येत तोच आपला कुर्मा झाला. ‘किय्मा’ला ‘किय्माक’, बारीक कापणे, आहे. तोच आपला खिमा. ‘दोल्मुश’ला ‘दोल्माक’, भरणे, आहे. दोल्मुश म्हणजे ‘भरले’, आणि ते तिथल्या सामायिक प्रवासी गाडीचे नाव. आपल्याकडची सहा आसनी रिक्षा जशी शेवटचे माणूस बसल्याशिवाय हलत नाही, तशीच तीही. सुटण्याची अटच वाहनाचे नाव झाली. ज्या शब्दाला घरात क्रियापद नाही, भाऊबंद नाहीत, तो बहुधा बाहेरून आलेला.

याच किय्माकवर थोडे थांबावेसे वाटते. निकाह लावण्यालाही तुर्कीत ‘निक्याह किय्माक’ म्हणतात. खिमा करणे आणि लग्न लावणे एका क्रियापदात कसे? कापणे म्हणजे लांबलेल्या गोष्टीचा शेवट करून ती पक्की करणे. मराठीत आपण वादावर ‘तोड’ काढतो, व्यवहाराचा ‘तुकडा पाडतो’, आणि नाते संपवायचे तर ‘काडीमोड’ घेतो. तोडण्यातून निर्णय, ही उडी आपल्या हाडीमाशी आहे, म्हणून तुर्की वाक्प्रचार परका वाटत नाही. शब्दशः भाषांतर करणारा मात्र इथे हमखास पडतो.

ची या प्रत्ययाविषयी. तुर्कीत व्यवसाय सांगणारा हा प्रत्यय आठ रूपांत येतो: मागच्या स्वराप्रमाणे त्याचा स्वर चार प्रकारे बदलतो, आणि मागचे व्यंजन कठोर असेल तर च, नाहीतर ज. मासे विकणारा ‘बालिक्ची’, पण दारवान ‘कापिजी’. मराठीत तो फारसीतून आला: नगारची, मशालची, आणि तबलजी, मशालजी. तबलजीतला जी हा आदराचा नव्हे, हे सांगून ठेवतो. अनेकजण तसे समजतात. एलचीत ‘एल’ म्हणजे राज्य, लोक. राज्याच्या कामाला निघालेला तो एलची, आणि आजही अंकारातला राजदूत ‘ब्युयुक एल्ची’ आहे. वेलचीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मंगोल ‘नोकोर’ म्हणजे सरदाराचा जिवाभावाचा साथी. फारसीतून येता येता तो आपला नोकर झाला. कोर्टात रोज ऐकू येणाऱ्या ‘जातमुचलक्या’तला मुचलका हाही त्याच मंगोल-तुर्की कारभारातला लेखी हमीचा शब्द.

एकाच अरबी-फारसी शब्दाने दोन भाषांत घेतलेली वेगळी वळणे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, अनोळखी. तुर्कीत ‘गारिप’ म्हणजे विचित्र. मराठीत परक्याला कोणी वाली नसतो या बाजूने तो गरीब, पैसा नसलेला झाला, आणि पुढे ‘गरीब गाय’ म्हणजे निरुपद्रवी. ‘मुसाफिर’ आपल्याकडे प्रवासी, तुर्कीत ‘मिसाफिर’ म्हणजे घरी आलेला पाहुणा; जो प्रवास करून येतो तो दारात पाहुणाच. आपण वर्गात ‘हजर’, तुर्की ‘हाझिर’ म्हणजे तयार. आपले बक्षीस स्पर्धेत मिळते, त्यांचे ‘बाह्शिश’ वेटरला. ‘जिगर’ हे फारसीत यकृत. मराठीत फक्त हिंमत उरली. तुर्कीत शरीर शिल्लक आहे: ‘काराजिएर’, काळे यकृत, म्हणजे यकृत आणि ‘आकजिएर’, पांढरे यकृत, म्हणजे फुप्फुस. हसू येण्याआधी आपले काळीज पाहा. मटणाच्या दुकानात कलेजी म्हणजे यकृत, आणि कवितेत काळीज म्हणजे हृदय.

‘रूमी’ या शब्दाबाबत इतिहास लिहिणाऱ्यांनी विशेष जपावे. रूम म्हणजे रोम. पूर्वेच्या रोमन साम्राज्याचा मुलूख तो रूम, पुढे तिथे राज्य करणारे तुर्क ते रूमी. मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतणाऱ्या कारागिराच्या नावात हा रूमी आहे. १५०८च्या चौलच्या लढाईत पोर्तुगीजांनी शत्रूला ‘रुमे’ म्हटले, तरी ते आरमार इजिप्तच्या मामलुकांचे होते. म्हणजे शब्दावरून राष्ट्रीयत्व ठरवता येत नाही. आणि आजच्या तुर्कीत ‘रुम’ म्हणजे तुर्क नव्हे, तर तिथला ग्रीक ख्रिस्ती! ग्रीस देश त्यांचा ‘युनानिस्तान’, आयोनियावरून, आणि त्याच आयोनियावरून आपला यवन, जो मराठी बखरीत भलत्याच लोकांना लागला. रुमालाचा या रूमशी संबंध नाही. फारसी ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा.

गोष्टीवरून व्युत्पत्ती सांगण्याचा मोह सर्वांत वाईट. फारसी ‘पापोश’ मराठीत पायपोस झाला, तुर्कीत ‘पाबुच’. नवा आवडता आला की जुन्याचा ‘पाबुच छपरावर फेकला गेला’ असे तुर्क म्हणतात. त्यावर अशी कथा सांगतात की, वाईट जोडे शिवणाऱ्या चांभाराचे जोडे त्याच्या संघाचे लोक छपरावर फेकत. कथा इतकी नीट बसते की तिच्यावर संशय घ्यावा. वाक्प्रचाराच्या जुन्या वापरात कथेतला चांभार दिसतो का, एवढे पाहावे. नसेल तर कथा वाक्प्रचारानंतरची.

शब्दांची मुळे भावनेने ठरवली की काय होते, तेही तुर्कस्तानात पाहायला मिळते. १९२८ साली लिपी बदलली, १९३२ साली भाषा संस्था स्थापन झाली, अरबी-फारसी शब्द काढून नवे घडवले गेले. त्यातले काही छान रुजले: विमानाला ‘उचाक’, उडणारे; आणि पुढे त्याच वळणावर संगणकाला ‘बिल्गिसायार’, माहिती मोजणारे. पण १९३६च्या सुमारास जगातल्या सर्व भाषा सूर्याकडे पाहून उच्चारलेल्या एका तुर्की ध्वनीपासून निघाल्या, असा सिद्धान्त सरकारी पाठिंब्याने मांडला गेला. तो काही वर्षांत विरला, कारण नियमच नसल्याने त्यातून काहीही सिद्ध करता येत होते. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी चालवलेली भाषाशुद्धी याच काळातली. दिनांक आणि महापौर आपण आजही वापरतो. शब्द घडवणे हे एक काम आहे आणि शब्दाचे मूळ शोधणे हे दुसरे. पहिल्यात आवड चालते, दुसऱ्यात चालत नाही.

शेवटी काही व्यावहारिक विनंत्या. तुर्की नावे इंग्रजी वाचनाने लिहू नयेत. त्यांच्या रोमन लिपीत सी म्हणजे ज, शेपटी लावलेला सी म्हणजे च, शेपटीचा एस म्हणजे श. टोपी घातलेला जी उच्चारत नाहीत, तो मागचा स्वर लांबवतो. म्हणून राष्ट्राध्यक्षांचे नाव एर्दोआन आहे, एर्दोगन नव्हे, आणि दह्याचा शब्द योऊर्त आहे. ठिपका नसलेला आय हा इ आणि अ यांच्या मधला. देवनागरीत त्याला अक्षर नाही, म्हणून वर आम्ही सगळीकडे इ लिहिला आहे.

पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा प्रत्येक शब्दासोबत चार गोष्टी द्याव्यात: मूळ रूप देवनागरीत, मधली भाषा, मूळ अर्थ, आणि अर्थ का सरकला याचे एका ओळीत कारण. कारण सापडत नसेल तर ती ओळ कोरी सोडावी. आणि या यादीतल्या चार शब्दांची दुरुस्ती कृपया पुढच्या रविवारी छापावी: नाखवा हा फारसी, ‘नावेचा धनी’; सुकाणू हा अरबी ‘सुक्कान’; खलाशी हा अरबी; रुमाल हा फारसी.

कळावे,
आपले दोन वाचक, रत्नागिरी